अस्मानी की सुलतानी? : वेलिंग्टनचा हिमलोट (१९१०) आणि हिवाळी पावसाची खूण

१

मराठी लोकव्यवहारात संकटांची एक जुनी विभागणी रूढ आहे. अवर्षण, अतिवृष्टी, टोळधाड ही संकटे अस्मानी. राज्यकर्त्याचा जुलूम, लूट, अन्याय्य वसुली ही सुलतानी. हा जोडशब्द वरवर पाहता आपत्तीच्या उगमाचे वर्णन करतो. परंतु त्यात न्यायविषयक भेदही दडलेला आहे. अस्मानी संकटाबद्दल कोणास जाब विचारावयाचा नसतो. सुलतानीबद्दल, निदान तत्त्वतः तरी, तो विचारता येतो. इंग्रजी कायद्यातील ‘ॲक्ट ऑफ गॉड’ म्हणजे ‘दैवी कृती’ ही संज्ञा हेच कार्य अधिक काटेकोरपणे करते. एखादी घटना या संज्ञेत बसली की तिच्यापुरता मानवी जबाबदारीचा प्रश्न मिटतो. म्हणूनच ती घटना खरोखर अतर्क्य होती काय, हे पुन्हा तपासून पाहणे इतिहासाच्या अभ्यासकास टाळता येत नाही.

अशा तपासणीस योग्य असे एक उदाहरण अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात इ. स. १९१० मध्ये घडले. भर हिवाळ्यात पर्वतावर विपुल हिम साचले, त्यावर ऊबदार वारे आले, हिमवर्षावाचे पावसात रूपांतर झाले, आणि एका रात्री डोंगराचा उतारच खाली आला. त्या देशातील हिमलोटाच्या आपत्तींत मनुष्यहानीच्या दृष्टीने हीच सर्वांत मोठी होय. न्यायालयाने तिला दैवी कृती ठरविले. तो निर्णय ज्या युक्तिवादावर उभा होता, त्या युक्तिवादाचा इतिहास हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

जेम्स हिल याच्या ग्रेट नॉर्दर्न कंपनीचा लोहमार्ग कॅस्केड पर्वत ओलांडून इ. स. १८९३ मध्ये सिॲटलला पोहोचला. प्रारंभी स्टीव्हन्स खिंडीत आगगाड्या नागमोडी चढणीने वर जात. १९०० मध्ये सुमारे ४.२ किलोमीटर लांबीचा बोगदा खुला झाला व ही चढण टळली. बोगद्याच्या पश्चिम तोंडाशी वेलिंग्टन नावाचे लहानसे रेल्वेगाव होते. वर विंडी पर्वताचा उतार, खाली टाय नदीची खोल घळ, आणि मध्ये डोंगराच्या कुशीत कोरलेल्या अरुंद पट्टीवर स्थानक, रूळ व काही इमारती, अशी त्या गावाची रचना होती. वरच्या उतारावरील अरण्य पूर्वी वणव्यात जळून गेले होते. हिम अडवून धरणारी झाडे तेथे फारशी उरली नव्हती.

फेब्रुवारी १९१० च्या अखेरच्या आठवड्यात पर्वतावर प्रचंड हिमवादळ सुरू झाले. पश्चिमेकडे निघालेली एक उतारूंची गाडी व एक टपालगाडी अशा दोन गाड्या प्रथम बोगद्याच्या पूर्वेस अडकल्या, व पुढे बोगद्यातून आणून वेलिंग्टन येथे उभ्या करण्यात आल्या. त्या पूर्वेकडून हलविल्यानंतर थोड्याच अवधीत तेथील भोजनगृहावर हिमलोट येऊन दोन माणसे ठार झाली. पश्चिमेकडील उतरणीवर तर लोहमार्ग जागोजागी हिमाखाली गाडला गेला होता. फिरत्या पात्यांची नांगर-एंजिने एक ढीग उपसत तोवर दुसरा कोसळे. शेवटी ती दोन लोटांच्या मध्ये कोंडली गेली आणि त्यांचा कोळसा संपत आला. तारायंत्राच्या तारा तुटल्या. फावड्याने हिम उपसणाऱ्या मजुरांनी मजुरी वाढवून मागितली. ती नाकारली गेल्यामुळे त्यांपैकी अनेक जण काम सोडून निघून गेले.

गाड्यांतील उतारूंना आपल्या डोक्यावरचा उतार दिसत होता. गाड्या मागे घेऊन बोगद्यात उभ्या कराव्यात, अशी मागणी त्यांच्यापैकी काहींनी केली. ती मान्य झाली नाही. बोगद्यात धूर कोंडेल, थंडी व ओल असह्य होईल, गाड्या तेथे नेऊन डबे उबदार ठेवण्याइतका कोळसा नाही, अशी कारणे देण्यात आली. ती सर्वस्वी पोकळ होती असे म्हणता येत नाही. विभागाचे अधीक्षक जेम्स ओनील हे स्वतः दिवसरात्र मार्ग मोकळा करण्याच्या कामात गुंतलेले होते. काही उतारू व कर्मचारी मात्र जीव धोक्यात घालून हिमातून पायी खाली सीनिक या ठिकाणी उतरले आणि वाचले.

२८ फेब्रुवारीस हवा पालटली. थंडी ओसरली, वारा ऊबदार झाला व हिमाऐवजी पाऊस पडू लागला. मध्यरात्रीनंतर गडगडाट व विजा सुरू झाल्या. १ मार्चच्या पहाटे, एक वाजून गेल्यावर, विंडी पर्वताच्या उतारावरील हिमाचा एक अखंड थर सुटला. त्याची लांबी सुमारे अर्धा मैल असल्याचे सांगतात. दोन्ही गाड्या, एंजिने व स्थानकाची इमारत त्याने सुमारे ४५ मीटर खोल घळीत लोटून दिली. जवळचे हॉटेल मात्र त्याच्या वाटेबाहेर राहिले. ९६ माणसे मृत्यू पावली. त्यांत उतारू ३५ होते. उरलेल्यांपैकी बहुतेक रेल्वेचे नोकर असून ते गाड्यांच्या डब्यांतच झोपलेले होते. २३ जण जिवंत निघाले. शेवटचे मृतदेह हाती लागण्यास जुलै महिना उजाडला.

३

मृत्यूची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या कॉरोनरच्या पंचांनी हिमलोट ही मानवी नियंत्रणाबाहेरची गोष्ट मानली. परंतु तेवढ्यावर ते थांबले नाहीत. कोळशाचा अपुरा साठा आणि ताशी १५ सेंट मजुरीमुळे भासलेली मजुरांची टंचाई यांबद्दल त्यांनी कंपनीस दोष दिला. मराठी परिभाषेत सांगावयाचे तर लोट अस्मानी होता, परंतु माणसे त्या लोटाखाली सहा दिवस थांबून राहिली यात सुलतानीचा अंश होता, असा त्या निष्कर्षाचा आशय होय.

पुढे एका मृत उतारूच्या वारसाच्या वतीने कंपनीविरुद्ध दावा लावण्यात आला. खालच्या न्यायालयात ज्यूरीने वादीच्या बाजूने कौल दिला. परंतु १९१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. घटना दैवी कृती ठरली व कंपनी दायित्वातून मुक्त झाली. बचावाचा मुख्य आधार असा होता की लोहमार्ग झाल्यापासून त्या विशिष्ट जागी कधीही हिमलोट आलेला नव्हता; सबब तो येईल अशी कल्पना कोणासही करता आली नसती.

या युक्तिवादाचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. पूर्वज्ञान हे स्थानाचे ज्ञान होय, असे त्यात गृहीत धरलेले आहे. अमुक जागी पूर्वी लोट आला असेल तर ती जागा धोक्याची. आला नसेल तर निर्धोक. लोहमार्गाच्या व्यवस्थापनास ही विचारसरणी सोयीची होती, कारण त्याचा सारा व्यवहार स्थानांच्या नोंदींवर चालतो. परंतु ज्ञानाचा दुसराही एक प्रकार आहे. त्यास स्थितीचे ज्ञान म्हणता येईल. ‘येथे पूर्वी काय घडले?’ हा त्याचा प्रश्न नसून ‘आज हिमाची व हवेची अवस्था काय आहे?’ हा त्याचा प्रश्न असतो. २८ फेब्रुवारीच्या सायंकाळी या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वेलिंग्टनमध्ये सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. आसपासच्या उतारांवरून लोट कोसळत होते, दोन माणसे आधीच मेली होती, उतार तीव्र व वृक्षहीन होता, त्यावर अनेक दिवसांचे नवे हिम साचले होते, आणि आता त्यावर पाऊस पडत होता. लोट नेमका कोठे व केव्हा येईल हे कोणास सांगता येणे शक्य नव्हते, हे खरे. परंतु अशा रात्री अशा उताराखाली असणे धोक्याचे आहे हे सांगता येणे शक्य होते. बोगदा मागणाऱ्या उतारूंनी ते सांगितलेही होते.

४

स्थितीचे ज्ञान १९१० मध्ये मानवजातीस अपरिचित होते काय? आल्प्स पर्वतातील भाषांची साक्ष या प्रश्नाचे नकारार्थी उत्तर देते.

हिमलोटास जर्मन भाषेत ‘लाविने’ म्हणतात. हा शब्द उत्तरकालीन लॅटिनमधील ‘लाबिना’ या शब्दापासून आला असून त्याच्या मुळाशी घसरणे या अर्थाचा ‘लाबी’ हा धातू आहे. फ्रेंचमधील ‘आव्हालांश’ हा शब्द आल्प्समधील सावॉय भागाच्या बोलीतून आला. त्याच्या रूपावर ‘दरीकडे, खाली’ या अर्थाच्या शब्दसमूहाचा परिणाम झालेला दिसतो. मराठीत रूढ असलेल्या दोन संज्ञांतही हेच दोन अर्थ वाटले गेले आहेत, ही गोष्ट लक्षणीय आहे. ‘हिमस्खलन’ यातील स्खल् धातू ‘लाबी’प्रमाणेच घसरण्याचा वाचक आहे, तर ‘हिमलोट’ हा शब्द खाली झेपावणाऱ्या ओघाचे चित्र उभे करतो. पहिल्यात कारण आहे, दुसऱ्यात परिणाम.

परंतु डोंगरवासीयांच्या बोली एवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी लोटांचे प्रकार पाडले, आणि ते स्थानांवरून नव्हे तर हिमाच्या अवस्थेवरून पाडले. कोरड्या हिमाचा, धुरळ्यासारखा उसळत येणारा तो ‘श्टाउबलाविने’, म्हणजे धूळलोट. ओल्या, जड हिमाचा, जमीन खरवडत येणारा तो ‘ग्रुंडलाविने’, म्हणजे भूलोट. स्विस वनाधिकारी योहान कोआट्स याने १८८१ मध्ये स्विस आल्प्समधील हिमलोटांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा लोकव्यवहारातील ही परिभाषा शास्त्रीय लेखनात स्थिर झाली. ऊबदार वाऱ्यालाही तेथे स्वतंत्र नाव आहे. ‘फ्योन’ हे ते नाव, लॅटिन ‘फाव्होनिउस’ या पश्चिमवाऱ्याच्या नावावरून आलेले. फ्योन सुटला की हिम ढिले होते, ही गोष्ट त्या दऱ्यांतील गुराख्यासही ठाऊक असे. आंदरमाट या गावाने तर १३९७ मधील एका लेखाने गावावरच्या उतारावरील अरण्यात झाड तोडण्यास बंदी घातली होती. वणव्याने उघडा पडलेला विंडी पर्वताचा उतार त्या गावकऱ्यांनी पाहिला असता, तर पूर्वी येथे लोट आला नाही या आश्वासनावर त्यांनी विश्वास ठेवला नसता.

यावरून एक निष्कर्ष निघतो. ज्ञान अस्तित्वात होते. परंतु ते ज्या भाषेत होते ती भाषा वेलिंग्टनच्या व्यवस्थापनाची व न्यायालयाची नव्हती. कॅस्केड पर्वतातील लोहमार्गाचे आयुष्य तेव्हा पुरते दोन दशकांचेही नव्हते. शतकांच्या वस्तीतून जी खूण शब्दरूप होते, ती तेथे केवळ हवामानातील एक फरक म्हणून नोंदली गेली. पाऊस लागला, म्हणजे थंडी सरली आणि सुटका जवळ आली, असेही कोणास वाटले असल्यास नवल नाही.

५

हिमावर पडणारा पाऊस लोट का घडवितो, याचे प्रचलित स्पष्टीकरण ‘पाऊस हिम वितळवितो’ असे असते. ते अपुरे आहे. ५ अंश सेल्सिअस उष्णतेचा १० मिलिमीटर पाऊस शून्य अंशावरील हिमावर पडला, तर त्यातील उष्णतेने जेमतेम ०.६ मिलिमीटर पाण्याइतके हिम वितळेल. मुख्य कारणे वेगळी आहेत.

पहिले कारण भार. १० मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर १० किलोग्रॅम अधिक वजन. आणि हे वजन काही तासांत चढते. उताराच्या पोटात एखादा दुबळा थर असेल, तर त्यास नव्या भाराशी जुळवून घेण्यास अवधी मिळत नाही. दुसरे कारण गोठणक्रियेतील उष्णता. थंड हिमात शिरलेले पाणी गोठते, आणि एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ८० उष्मांक बाहेर पडतात. तेवढ्या उष्णतेने सुमारे १६० ग्रॅम बर्फाचे तापमान एका अंशाने वाढू शकते. म्हणून पाऊस वरचे थर झपाट्याने शून्य अंशापर्यंत आणतो. तिसरे कारण बंधांचे शैथिल्य. हिमाचे कण परस्परांशी ज्या सूक्ष्म सांध्यांनी जोडलेले असतात, ते पाण्याच्या स्पर्शाने विरघळू लागतात व नव्या हिमाचा थर आपली ताकद गमावतो.

वॉशिंग्टन विद्यापीठातील हॉवर्ड कॉनवे व चार्ल्स रेमंड यांनी याच कॅस्केड पर्वतातील स्नोक्वाल्मी खिंडीत निरीक्षणे करून १९९३ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते या संदर्भात फार महत्त्वाचे आहेत. नव्या हिमावर पाऊस सुरू झाल्यापासून काही मिनिटांत ते तासाभरात अनेक लोट सुटतात, असे त्यांना आढळले. त्या वेळी पाणी खालच्या दुबळ्या थरापर्यंत पोहोचलेलेही नसते. वरच्या थरात झालेला बदल पुरेसा ठरतो. काही लोट मात्र पाणी खोलवर झिरपल्यानंतर, विलंबाने येतात. उलट, दीर्घकाळ पाऊस पडून हिमात निचऱ्याच्या वाटा तयार झाल्या की उतार पुन्हा बराच स्थिर होतो. अर्थात सर्वांत घातक क्षण हा संक्रमणाचा असतो: हिम थांबून पाऊस लागण्याचा. त्यानंतर थंडी परतली, तर भिजलेला पृष्ठभाग गोठून कठीण कवच बनतो. तेवढ्यापुरता उतार निर्धोक होतो, परंतु पुढील हिमवर्षावास तेच कवच घसरण्याची फळी ठरू शकते.

वेलिंग्टनचा लोट पाऊस लागल्यानंतर काही तासांत आला. १९१४ च्या न्यायालयास ही मीमांसा उपलब्ध नव्हती, हे मान्य केले पाहिजे. परंतु मीमांसा नसली तरी खूण असू शकते. फ्योन ओळखणाऱ्या गुराख्यापाशीही मीमांसा नव्हती.

६

वेलिंग्टननंतर तीनच दिवसांनी, ४ मार्च १९१० च्या रात्री, कॅनडातील रॉजर्स खिंडीत एका बाजूच्या डोंगरावरून आलेला लोट उपसणाऱ्या मजुरांवर समोरच्या डोंगरावरून दुसरा लोट आला आणि ५८ जण ठार झाले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक जपानी मजूर होते. एका बाजूने लोट येऊन गेला, आता काम निर्वेध करता येईल, हा विश्वास येथेही स्थानाच्या ज्ञानाचाच होता.

दोन्ही कंपन्यांनी दिलेले उत्तर बोलके आहे. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीने १९१६ मध्ये सुमारे ८ किलोमीटर लांबीचा कॉनॉट बोगदा खुला करून खिंडीचा माथा सोडला. ग्रेट नॉर्दर्नने वेलिंग्टन येथे काँक्रीटची हिमछपरे बांधली, गावाचे नाव बदलून टाय असे ठेवले, आणि १९२९ मध्ये सुमारे १२.५ किलोमीटरचा नवा बोगदा काढून जुना मार्गच सोडून दिला. ज्या आपत्तीची कल्पना कोणास येऊ शकत नाही असे न्यायालयात प्रतिपादन केले, तिच्यावर कंपनीने पुढे अमाप खर्च करून उपाय योजला. न्यायालयातील भाषा व अभियंत्यांची भाषा यांतील हे अंतर कोणत्याही टीकेपेक्षा अधिक स्पष्ट आहे.

स्थितीच्या ज्ञानास संस्थात्मक रूप नंतर मिळाले. स्वित्झर्लंडमध्ये दाव्होस येथे १९३६ मध्ये हिमसंशोधनास प्रयोगशाळा मिळाली, १९४२ मध्ये तिची संस्था झाली, आणि १९४५ पासून त्या संस्थेची हिमलोटविषयक सूचनापत्रे प्रसिद्ध होऊ लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत यूटा राज्यातील आल्टा येथे माँटी ॲटवॉटर यांनी स्फोटके व तोफा वापरून उतार आधीच मोकळे करण्याच्या पद्धती रूढ केल्या. रॉजर्स खिंडीतून १९६२ मध्ये मोटाररस्ता खुला झाला, तो निरीक्षक व तोफखाना यांच्या आधारावरच. १९९३ मध्ये युरोपीय देशांनी धोक्याचे पाच पायऱ्यांचे समान मापन स्वीकारले. या साऱ्या सूचनापत्रांचा प्रश्न एकच असतो: आज हिमाची स्थिती काय आहे?

तथापि या इतिहासाचा शेवट येथे होत नाही. वेलिंग्टनचा सोडून दिलेला लोहमार्ग आता पदयात्रिकांची वाट झाला आहे, आणि कॅस्केडच्या आडरानात स्की घेऊन हिंडणारे लोक हिवाळ्यात तसल्याच उतारांवर स्वेच्छेने जातात. तेथे कंपनी नाही, अधीक्षक नाही, बोगदाही नाही; निर्णय प्रत्येक प्रवाशाचा स्वतःचा असतो. परंतु जुना युक्तिवाद त्यांच्याही मुखात येतो. या उतारावरून गेल्या वर्षी गेलो होतो, काल कोणी तरी गेले आहे, त्यांच्या वाटा दिसतात, मग धोका कोठला? हा १९१४ च्या निकालाचाच अनुवाद होय. कालच्या वाटा थंड, कोरड्या हिमावर उमटलेल्या असतात. आज पाऊस लागला असेल, तर तो उतार कालचा राहिलेला नसतो. अशा प्रवाशास सांगितला जाणारा नियम साधा आहे. नव्या हिमावर पाऊस पडू लागताच तीव्र उतार आणि त्यांच्या पायथ्याच्या घळी सोडाव्यात, आणि उतार आपल्या डोक्यावर किती उंच गेला आहे याचा हिशेब करावा. कारण पाऊस जेथे माणूस उभा आहे तेथे नव्हे, तर वर, जेथून लोट सुटतो तेथे काय करीत आहे, यावर त्याचे जीवित अवलंबून असते.

हवामान तापत असताना हा विषय कॅस्केड व आल्प्स यांपुरता राहिलेला नाही. हिमाचल प्रदेशातील वृक्षांच्या वलयांवरून हिमलोटांचा कालक्रम लावणारे संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. हिवाळ्याच्या उत्तरार्धात व वसंताच्या आरंभी ओल्या हिमाचे लोट वाढत असल्याचा व त्याचा संबंध तापमानवाढीशी असल्याचा निष्कर्ष त्यात काढलेला आहे. जेथे ‘पूर्वी कधी आला नाही’ असे आजवर म्हणता येत होते, अशा जागांची संख्या अशा काळात कमीच होत जाणार.

वेलिंग्टनच्या मृतांना न्याय मिळाला की नाही, हा प्रश्न आता निकालात निघालेला आहे. परंतु त्या निकालामागील गृहीत तत्त्व अद्याप जिवंत आहे, म्हणून त्याचा विचार करणे प्राप्त होते. पाऊस अस्मानी खरा. त्या पावसाची खूण ओळखण्यासाठी शतकानुशतकांच्या अनुभवातून शब्द घडलेले असताना, ते न शिकता उताराखाली थांबणे आणि दुसऱ्यांस थांबविणे, हे मात्र अस्मानी नव्हे.